विश्लेषण : काळ्या पाषाणाखालचं चित्र संगणकावर कसं उमटतं?

मुळशीतल्या कासार आंबोलीत बोअर घेताना काळा पाषाण लागला, तर कुणाला नवल वाटत नाही. हे गाव दख्खनच्या बेसॉल्टवर वसलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. पण ते किती खोल आहेत आणि त्यांच्याखाली काय आहे? न खोदता हे शोधण्याचा एक मार्ग म्हणजे सेस्मिक सर्वेक्षण.

माहिती कशी मिळते?

जमिनीवर वजन आपटून, कंपन देणाऱ्या ट्रकने किंवा छोट्या स्फोटाने लहरी सोडल्या जातात. दोन थर जिथे भेटतात, तिथून त्या परततात आणि जमिनीवरचे जिओफोन त्या टिपतात. प्रत्येक नोंदीत पाच आकडे असतात : लहर सोडल्याच्या जागेचे दोन, जिओफोनच्या जागेचे दोन आणि पाचवी वेळ.

पाच मिती स्क्रीनवर कशा मावतात?

एका रेषेत सर्वेक्षण केलं, तर जमिनीचा उभा छेद दिसतो. ही द्विमिती. मोठ्या क्षेत्रावर जाळं टाकलं, तर त्रिमितीय ठोकळा तयार होतो. तो संगणकावर केकसारखा हवा तसा कापून पाहता येतो. काही वर्षांनी तेच सर्वेक्षण पुन्हा केलं, की काळ ही चौथी मिती येते. तेलक्षेत्रात तेल-वायू कुठे सरकला, ते यातून कळतं. यासाठी प्रचंड गणनक्षमता लागते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही या कामासाठी सॉफ्टवेअर विकसित केलं आहे.

मग हा जमिनीचा फोटो का नाही?

चित्रातले लाल-निळे रंग खडकाचे नसतात. ते प्रतिध्वनीची ताकद आणि दिशा दाखवतात. शिवाय यंत्र खोली नव्हे, वेळ मोजतं. प्रतिध्वनी एका सेकंदात परतला आणि लहरीचा वेग सेकंदाला पाच किलोमीटर धरला, तर थर अडीच किलोमीटरवर येतो. वेग चार धरला, तर दोनच. वेगाच्या अंदाजातल्या चुकीने थर अर्धा किलोमीटर सरकला! बेसॉल्टमध्ये अडचण आणखी वाढते. लाव्हाच्या थरांमध्ये लहरी पुन्हा पुन्हा आपटतात आणि खालून येणारा संकेत क्षीण होतो.

खात्री कशी होते?

खोदूनच. कोयनेत ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी विविध सर्वेक्षणांनंतर गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आलं. ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. बेसॉल्ट १,२४७ मीटरवर संपला आणि थेट ग्रॅनाइट लागला. मध्ये गाळाचा खडक नव्हता.

गावकऱ्यांना याचा उपयोग काय?

बोअरसाठी सहसा सेस्मिक नव्हे, तर जमिनीचा विद्युतरोध मोजला जातो. पण त्याचंही रंगीत चित्र हा अंदाजच असतो. म्हणून पैसे देण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा : हे चित्र जवळच्या कोणत्या बोअरशी ताडून पाहिलं आहे?