सी भाषेतून फाइल अपलोड: आत काय चालतं?

नवीन पनवेलमध्ये सी शिकणाऱ्या मित्रांनो, प्रवेश अर्जासोबत फोटो आणि सही अपलोड करता, तेव्हा ब्राउझर बहुधा ‘मल्टिपार्ट’ विनंती पाठवतो. ही पद्धत १९९५ च्या आरएफसी १८६७ मधली.

या विनंतीत प्रत्येक भागाआधी दोन हायफन आणि बाउंड्री, म्हणजे भाग वेगळे करणारी खूण, मग हेडर, एक रिकामी ओळ, मग मजकूर. शेवटच्या बाउंड्रीनंतर आणखी दोन हायफन. ओळ संपते सीआर-एलएफने, नुसत्या एलएफने नाही.

खरी मेख फोटोत आहे! त्यात शून्य बाइट असतात, म्हणून लांबी ‘स्ट्रलेन’ने मोजूच नका, ‘एफरीड’ने जितके बाइट वाचले तितकेच धरा. विनंतीच्या कंटेंट-लेंग्थ हेडरमधल्या लांबीत बाउंड्री आणि भागांचे हेडरही येतात.

एकदा ही विनंती हाताने लिहाच. रोजच्या कामाला लिबकर्ल या लायब्ररीची माइम फंक्शन्स उत्तम, ती ७.५६.० आवृत्तीपासून मिळतात.