रस्त्यावर फोटो काढायला परवानगी लागते का? गिरगाव-लालबागमध्ये कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांसाठी कायदा काय सांगतो

गुढीपाडव्याची गिरगावची शोभायात्रा असो, गणपतीच्या आधीचा लालबाग-परळचा आगमन सोहळा असो किंवा पहाटेचं दादरचं फूल मार्केट असो. या सगळ्या ठिकाणी एक गर्दी हमखास दिसते, ती म्हणजे कॅमेरेवाल्यांची. कुणाच्या गळ्यात डीएसएलआर असतो, कुणाच्या हातात मोबाइल. यातल्या बहुतेकांचं पोट फोटोग्राफीवर चालत नाही. सोमवार ते शुक्रवार नोकरी आणि शनिवार-रविवार फोटो, असा साधा हिशोब असतो.

या मंडळींना एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो, "ओ, परमिशन आहे का?"

विचारणारा कधी वॉचमन असतो, कधी हवालदार, तर कधी नुसता येणारा-जाणारा. उत्तर माहीत नसल्यामुळे बरेच जण गपचूप फोटो डिलीट करून निघून जातात. काही जण उलट टोक गाठतात, "रस्ता पब्लिकचा आहे, मी कुणाचाही फोटो काढीन आणि कुठेही टाकीन."

दोघांचंही चुकतं. कारण फोटो काढणं, तो सोशल मीडियावर टाकणं आणि तो विकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींचे नियम वेगळे आहेत. एक-एक करून बघू.

आधी थोडा इतिहास

मुंबईत हौशी फोटोग्राफी मोबाइलमुळे आली असं वाटत असेल, तर थांबा. १८५४ मध्येच इथे 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' सुरू झाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले. पण मुंबईतल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफर्समध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. १८५६ पासून मुंबईत जो फोटोंचा अल्बम निघायला लागला, त्याचं नावच 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' असं होतं. अमॅच्युअर म्हणजे हौशी. नारायण दाजींचे फोटो त्यात आहेत.

पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी परदेशातून चलतचित्रांचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. केंब्रिज गाजवून आलेल्या रँग्लर परांजप्यांचं १९०१ मध्ये चौपाटीवर स्वागत झालं, तेही त्यांनीच टिपलं.

सांगायचा मुद्दा काय, तर सार्वजनिक जागी कॅमेरा घेऊन उभं राहणं ही या शहराची जुनी सवय आहे.

फोटो काढायला परवानगी लागते का?

रस्ता, फुटपाथ, चौपाटी, मैदान अशा खुल्या सार्वजनिक जागी स्वतःच्या हौसेसाठी फोटो काढायला भारतात सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. त्यासाठी लायसन्सही लागत नाही. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे आणि फोटो ही अभिव्यक्तीच आहे. त्याच कलमात वाजवी बंधनं घालायची मुभा सरकारलाही आहे.

सिनेमा किंवा जाहिरातीच्या शूटिंगची गोष्ट वेगळी. तिथे महापालिका, पोलीस अशा यंत्रणांची परवानगी घ्यावी लागते. हातात एक कॅमेरा असलेला माणूस त्यात मोडत नाही. पण त्याने भर रस्त्यात ट्रायपॉड लावून वाहतूक अडवली, तर कारवाई होऊ शकते. ती फोटोसाठी नाही, रस्ता अडवल्याबद्दल.

खरी गोम आहे ती जागा कुणाची यात. मॉल, रुग्णालय, मंदिर, रेल्वे आणि मेट्रो स्टेशन इथे लोकांची वर्दळ असली तरी मालक किंवा व्यवस्थापन असतं आणि तिथे त्यांचे नियम चालतात. गिरगावातल्या चाळीचा जिना आणि गॅलरी फोटोत कितीही सुंदर दिसली, तरी तो कुणाच्या तरी घराचा भाग आहे. आत शिरण्याआधी विचारायलाच हवं.

परळ-लालबागचे मूर्तींचे कारखाने हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. कारखान्यात मूर्तिकाराने "फोटो नको" म्हटलं की विषय संपला, कारण जागा त्याची आहे. तीच मूर्ती आगमनाच्या दिवशी रस्त्यावर आली की हजारो लोक तिचे फोटो काढतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. मूर्ती तीच असते, जागा बदललेली असते.

पोलीस ठाणं आणि 'गुप्त' जागा

शासकीय गुपिते अधिनियम १९२३ मध्ये 'निषिद्ध ठिकाण' अशी व्याख्या आहे. लष्करी आणि नौदलाच्या जागा, दारूगोळ्याचे कारखाने वगैरे त्यात येतात. दक्षिण मुंबईत नौदल गोदीसारखे भाग आहेत, त्यामुळे बोर्ड दिसला की कॅमेरा बॅगेत टाकलेला बरा.

पण हा कायदा कुठेही लावता येत नाही. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एका माणसावर याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. पोलीस ठाणं या कायद्यातल्या 'निषिद्ध ठिकाणा'च्या व्याख्येत येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

मग गिरगाव चौपाटीवर बंदी कसली?

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवर काय दिसतं, हे गिरगावकरांना आणि दादरकरांना सांगायला नको. भरतीबरोबर परत आलेल्या, अर्धवट विरघळलेल्या मूर्ती. पीओपीच्या मूर्तींवर जी चर्चा होते, तिच्यात हे फोटो वर्षानुवर्षं फिरत आले आहेत.

२०२४ च्या गणेशोत्सवात मुंबई पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली आदेश काढून, विसर्जनानंतर तरंगणाऱ्या किंवा अर्धवट बुडालेल्या मूर्तींचे फोटो काढायला आणि ते पसरवायला मनाई केली. भावना दुखावतात आणि शांतता बिघडू शकते, हे त्यामागचं कारण. याआधीही असे आदेश निघाले आहेत.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ही बंदी मिरवणुकीच्या किंवा विसर्जन सोहळ्याच्या फोटोंवर नव्हती. दुसरी, कलम १६३ चे आदेश ठरावीक मुदतीचे असतात. एरवी असा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. मात्र तो लागू असताना मोडला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. भावना जपायच्या की प्रदूषणाचा पुरावा समोर आणायचा, यावर वाद जरूर घाला. पण सणाच्या दिवसांत किनाऱ्यावर कॅमेरा नेण्याआधी त्या वर्षीचा आदेश काय म्हणतो ते बघून घ्या. ड्रोनच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं, कारण मुंबईत ड्रोन उडवण्यावर असे आदेश वरचेवर निघतात.

अडवलं तर काय करायचं?

शांतपणे सांगा, काय करताय आणि कशासाठी. कोणत्या आदेशाखाली किंवा कोणत्या नियमाने मनाई आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

"फोटो डिलीट कर" असं म्हणण्याचा अधिकार वॉचमनला नाही. तो फार तर त्याच्या हद्दीतून बाहेर जायला सांगू शकतो. पोलिसांना गुन्ह्याचा संशय असेल तर ते कॅमेरा किंवा मोबाइल जप्त करू शकतात. पण त्याची रीत ठरलेली आहे. जप्तीची नोंद होते आणि मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. फोटोत खरंच गुन्हा असेल तर तो पुरावा आहे, डिलीट करायची वस्तू नाही.

हुज्जत आणि धक्काबुक्की मात्र टाळा. फोटो काढणं हा गुन्हा नसला, तरी सरकारी कामात अडथळा आणणं हा गुन्हा आहे.

समोरच्या माणसाचं काय?

इथपर्यंत झाली तुमच्या हक्काची गोष्ट. पण फोटोतल्या माणसालाही हक्क आहेत. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. माणूस रस्त्यावर आला म्हणून त्याचा खासगीपणा पूर्ण संपत नाही, हा विचार या निकालात आहे.

महिलांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार महिलेच्या खासगी क्षणाचा चोरून फोटो काढणं गुन्हा आहे. आणि गंमत बघा, तिने फोटो काढायला होकार दिला होता, पण पसरवायला दिला नव्हता, तरीही पसरवणं गुन्हाच ठरतं. म्हणजे काढणं वेगळं आणि टाकणं वेगळं, हे कायद्यानेच लिहून ठेवलंय. शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या ताईचा मिरवणुकीतला फोटो ही एक गोष्ट झाली. ती नको म्हणत असताना झूम लावून तिच्या मागे-मागे फिरणं ही सरळ पोलिसात जाण्यासारखी दुसरी गोष्ट.

काही ठिकाणी कायदा अडवत नाही, तिथे माणुसकीने थांबायचं असतं. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर गावाहून आलेले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. फुटपाथ सार्वजनिक आहे. पण त्या क्षणी ते पथारीएवढं अंगण हेच त्यांचं घर असतं. आधी बोला, विचारा आणि नको म्हणाले तर पुढे चला. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारल्याशिवाय चेहरा ओळखू येईल असा फोटो टाकू नका.

विकला की खेळ बदलतो

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक याचिका आली. एका महिलेचा फोटो तिच्याच गावच्या फोटोग्राफरने काढला होता. याचिकेनुसार त्याने तो तिला न सांगता शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर टाकला. तिथून तो महाराष्ट्रासह अनेक राज्य सरकारांच्या, एका राजकीय पक्षाच्या आणि खासगी संस्थांच्या जाहिरातींत जाऊन बसला. तिला याचा पत्ताच नव्हता.

प्रथमदर्शनी हा फोटोचा व्यावसायिक गैरवापर दिसतो आणि सोशल मीडियाच्या काळात हा मुद्दा गंभीर आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि संबंधितांना उत्तर द्यायला सांगितलं.

हौशी फोटोग्राफरसाठी यात मोठा धडा आहे. फोटोचा कॉपीराइट तुमचा असला, तरी त्यातला चेहरा तुमचा नाही. दादरच्या फूलवाल्या मावशींनी हसून पोज दिली, म्हणजे त्यांनी तेलाच्या किंवा विम्याच्या जाहिरातीला होकार दिला असं होत नाही. फोटो विकायचा किंवा जाहिरातीसाठी द्यायचा असेल तर त्यांची लेखी संमती घ्या, त्यांना कळेल अशा भाषेत. आणि पैसे मिळणार असतील तर त्यांचाही वाटा ठरवा.

इमारती आणि मूर्तींचे फोटो चालतात का?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार इमारतींचे आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या पुतळ्यांचे फोटो काढले आणि छापले तर कॉपीराइटचा भंग होत नाही. हे सगळीकडे असंच नसतं. पॅरिसच्या आयफेल टॉवरची रात्रीची रोषणाई ही संरक्षित कलाकृती मानली जाते आणि तिच्या फोटोच्या व्यावसायिक वापराला परवानगी लागते.

आपल्याकडेही एक अपवाद लक्षात ठेवा. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीच्या रूपाचा ट्रेडमार्क घेतला. समोर उभं राहून फोटो काढा आणि इन्स्टावर टाका, काही अडचण नाही. पण तो मग किंवा टी-शर्टवर छापून विकायला गेलात तर प्रश्न येईल. गणपतीच्या मूर्तीचंही तसंच. ती शिल्पकाराची कलाकृती आहे आणि कायमस्वरूपी नसल्याने कलम ५२ मधली पुतळ्यांची सूट तिला सहज लावता येत नाही. दर्शनाचा फोटो वेगळा, त्याचं कॅलेंडर काढून विकणं वेगळं.

आणि तुमचाच फोटो कुणी ढापला तर?

फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. अपवाद म्हणजे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील तर. तिथे वेगळा करार नसेल तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

त्यामुळे तुमचा चिंचपोकळीच्या चिंतामणीचा फोटो एखाद्या मोठ्या पेजने उचलला आणि खाली 'क्रेडिट : ओनर' असं लिहिलं, तर ती परवानगी होत नाही. मूळ फाइल जपून ठेवा, कारण तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती तिच्यात असते. चोरीच्या पोस्टचा स्क्रीनशॉट घ्या, आधी पेजला मेसेज करा, नाही ऐकलं तर त्या ॲपच्या कॉपीराइट फॉर्मवर तक्रार करा. त्यानंतरही कोर्टाचा रस्ता आहेच.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण हा भाग डोळ्यांदेखत बदलतोय. गिरणगावात चिमण्यांच्या जागी टॉवर आले, बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, मेट्रो ३ साठी गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या इमारती गेल्या. मोठ्या इमारतींचे फोटो सरकारी दप्तरात मिळतील. पण नाक्यावरचा इस्त्रीवाला, चाळीतली दहीहंडी, गिरणीच्या भोंग्याखाली वाढलेल्या आजोबांचा चेहरा हे बहुतेक करून कुणातरी हौशी माणसाच्या हार्ड डिस्कमध्येच सापडणार.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "परमिशन आहे का?" म्हणून विचारलं, तर आधी जागा कुणाची आहे ते बघा. ती सार्वजनिक असेल आणि मनाईचा आदेश नसेल, तर घाबरून फोटो डिलीट करू नका. आणि फोटोत माणूस असेल, तर टाकण्याआधी आणि विकण्याआधी तोच प्रश्न त्याला तुम्ही विचारा.