जरीचे तेज आणि मृदू भिंग

सुरतेच्या आग्नेय अंगास, उधन्याला लागून वसलेल्या डिंडोलीत धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून उदरनिर्वाहासाठी आलेली खानदेशी कुटुंबे इतक्या मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत, की गुजरातच्या हद्दीतही तेथे अहिराणी सहज कानी पडते आणि श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरोघर कानबाईची स्थापना होते. नारळाला नथ, डोळे व दागिने घालून सजवलेली देवी, तिच्या अंगावरची जरी आणि भोवती तेवणारे दिवे यांचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्यास बहुधा असे आढळते, की जरीच्या जागी पांढरे ठिपके आणि बाकी सर्वत्र काळोख, एवढेच हाती लागले असून नजरेला जाणवलेली प्रभा मात्र निसटली आहे. ती प्रभा राखण्याची जुनी आणि माझ्या मते अजूनही सर्वोत्तम तजवीज म्हणजे भिंगापुढे बसवायचा सॉफ्ट फोकस फिल्टर.

फोकस चुकलेले चित्र आणि हे मृदू चित्र यांत मूलभूत भेद आहे. फोकस चुकला की प्रत्येक रेषाच विरघळते. या फिल्टरच्या काचेवर मात्र सूक्ष्म उंचवटे किंवा एककेंद्री वलये असल्यामुळे प्रकाशाचा काही भाग सरळ जाऊन रेखीव प्रतिमा उमटवतो, तर उरलेला किंचित वळून तिच्याभोवती पसरतो. परिणामी नथीच्या मोत्याची कड शाबूत राहते आणि तिच्या सभोवार तेजाचे वलय उभे राहते. छायेतही थोडा उजेड झिरपून प्रकाश-अंधारातला विरोध सौम्य होतो.

या तंत्राची परंपरा दीर्घ आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी 1860 च्या दशकात जाणीवपूर्वक मृदू व्यक्तिचित्रे घेतली. पुढे ऑस्ट्रियात राहून काम करणारे हाइनरिख क्यून यांच्या कल्पनेवरून रोडेनस्टॉक कंपनीने 1930 च्या सुमारास ‘इमागॉन’ हे खास भिंग बाजारात आणले. ज्यांना अशी साधने परवडत नसत, ते साध्या काचेच्या कडेला व्हॅसलिन चोळून किंवा भिंगावर बारीक जाळीचे कापड ताणून काम भागवीत.

वलयांच्या फिल्टरमध्ये मधला भाग साधा असल्याने भिंगाचे छिद्र एफ/11 पर्यंत लहान केले, की प्रकाश त्या मध्यातूनच जातो आणि मृदुता जवळजवळ नाहीशी होते, एफ/2.8 ला ती पूर्ण अंमल गाजवते. सबब छिद्र ठरवल्यावाचून परिणामाचा अंदाज बांधू नये. शिवाय पार्श्वभूमी काळोखी आणि उजेडाचे बिंदू थोडे असतील, तरच वलये खुलतात. भर दुपारच्या मिरवणुकीत तोच फिल्टर सारे चित्र फिकट करून टाकतो.

सुरकुत्या लपवण्यासाठी मात्र हा फिल्टर सर्रास वापरण्याचा जो रिवाज पडला आहे, तो मला मनापासून नापसंत आहे. कानबाईची गाणी म्हणणाऱ्या वृद्धेच्या मुखावरील प्रत्येक रेषा तिच्या आयुष्याचा दस्तऐवज आहे, आणि तो पुसण्याची मुभा छायाचित्रकाराला कोणी दिलेली नाही.

हे सारे संगणकावर नंतरही साधते, असा युक्तिवाद केला जातो. परंतु संवेदकाच्या ग्रहणशक्तीपलीकडे गेलेला दिवा आणि त्याच्या शेजारचे पांढरे वस्त्र एकदा सारखेच पांढरे नोंदले गेले, की दिवा किती अधिक प्रखर होता याची खूणच उरत नाही. फिल्टर नोंद होण्यापूर्वीच प्रत्येक बिंदूचे तेज त्याच्या प्रखरतेनुसार पसरवतो. अर्थात ते पसरलेले तेज पुन्हा गोळा करता येत नाही, म्हणून त्याच जागेवरून एक चित्र फिल्टरशिवायही घेऊन ठेवावे.