चाकणचा संग्रामदुर्ग

किल्ला पाहावयाचा म्हणजे डोंगर चढावयाचा, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. ज्या श्रोत्यांचे गुडघे आतां चढाला कुरकुरतात, त्यांनीं तरी चाकणची वाट धरावी. पुण्याहून नाशिक रस्त्यानें भोसरी, मोशी मागें टाकून इंद्रायणी ओलांडली, कीं पुढें चाकण येतें. आज तेथें बहुतेक मंडळी कारखान्यांच्या कामानें जातात. गांवाच्या पोटांत संग्रामदुर्ग आहे, याची आठवण थोड्यांनाच असते.

हा किल्ला भुईकोट आहे. डोंगरी किल्ल्याचें अर्धें रक्षण कडाच करतो. भुईकोटाचा सारा भरंवसा खंदकावर, तटावर आणि आंतल्या माणसांवर. इ. स. १६६० मध्यें शायिस्तेखान पुण्यास येऊन बसला. अहमदनगरकडून रसद बिनघोर यावी म्हणून त्यास हें ठाणें हवें होतें. २१ जूनच्या सुमारास, ऐन पावसाळ्यांत, त्यानें वेढा घातला. शिवाजी महाराज त्या वेळीं पन्हाळ्यास सिद्दी जौहरच्या वेढ्यांत अडकलेले. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यास बाहेरून कुमक कोठून मिळणार? तरी तो सुमारें पंचावन्न दिवस लढला.

तट पडेना, तेव्हां मोगलांनीं भुयार खणून ईशान्येच्या बुरुजाखालीं दारू ठासली. भुईकोटाचें वर्म हेंच. डोंगराच्या कातळांत सुरुंग नेणें कठीण. सपाटीच्या मातींत तें काम पुष्कळ सोपें. १४ ऑगस्टला बुरुज उडाला. शत्रू खिंडारांतून आंत घुसतो, तों समोर मातीचा दुसरा बांध उभा! आंतल्यांनीं तो आधींच रचून ठेवला होता. त्याच्या आडून झुंज चालली आणि दुसऱ्या दिवशीं किल्ला गेला. मोगलांकडील अडीचशेंहून अधिक लोक ठार झाले. खानानें फिरंगोजीस बादशाही चाकरी देऊं केली. ती त्यानें नाकारली.

आज तटाचा मोठा भाग नाहींसा झाला आहे, आणि एवढ्यासाठीं का यावें, असें पाहुण्यास प्रथमदर्शनीं वाटेल. त्यानें घाई करूं नये. राहिलेल्या तटाच्या कडेनें चालावें, खंदक कोठून कोठवर गेला असेल याचा अंदाज बांधावा आणि ईशान्येच्या बाजूस थोडा वेळ थांबावें. मग चक्रेश्वराच्या देवळाकडे वळावें. कांदा-बटाट्याच्या बाजाराचा दिवस असल्यास गाडी मात्र गांवाबाहेरच ठेवलेली बरी.