एका सेकंदाचा स्फोट, महिनोन्महिन्यांचा हिशेब

टूथपेस्टवाल्या कोलगेट घराण्यातला स्टर्लिंग कोलगेट अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत अण्वस्त्रांवर काम करायचा. १९५९ मध्ये जिनिव्हात चाचणीबंदीच्या वाटाघाटी चालू असताना त्याला शंका आली, की दूर कुठे तारा फुटला तर टेहळणी उपग्रह त्यालाच अणुस्फोट समजतील! मुळात तारा फुटतो कसा, हे तेव्हा कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

१९६६ मध्ये त्याने रिचर्ड व्हाइटबरोबर ताऱ्याचा स्फोट संगणकावर मांडला. जवळपास पृथ्वीएवढा लोखंडी गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि सुटलेले न्यूट्रिनो वरचे थर उडवतात, असा तो हिशेब. पण पुढे इतरांच्या गणितांत स्फोट होईचना, धक्क्याची लाट मध्येच अडकायची. ऐंशीच्या दशकात लिव्हरमोरच्याच जेम्स विल्सनने प्रोग्राम नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू दिला आणि अडकलेली लाट पुन्हा सरकली. नोबेलविजेते हान्स बेथे आणि विल्सन यांनी ते १९८५ मध्ये प्रसिद्ध केलं. दोनच वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९८७ला, शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो पृथ्वीवर खरोखरच पकडले गेले.

मी इंदूरचा, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या टेस्ट केसचं बरोबर उत्तर आधीच ठरलेलं असतं. इथे ते कुणाकडेच नाही, आणि त्रिमितीत स्फोटाचा एक सेकंद मोजायला महासंगणकाला महिनेही लागतात. मग कोडवर भरवसा ठेवायचा कसा? २०१८ मध्ये सहा गटांनी एकच तारा आपापल्या स्वतंत्र कोडमध्ये घालून उत्तरं ताडून पाहिली. ती बरीचशी जुळली. (आमच्या ऑफिसात दोन टीमचे रिपोर्टसुद्धा जुळत नाहीत, ते सोडा.)

माझी मामेबहीण बीएस्सीला आहे. "दादा, यात करिअर आहे का?" असं तिने विचारलं, तेव्हा मी गोडगोड बोललो नाही. पीएचडीची पाच-सहा वर्षं, मग दोन-तीन वर्षांच्या कराराच्या नोकऱ्या, बहुधा दर वेळी नवा देश. कायमच्या जागा थोड्या. मात्र हजारो प्रोसेसरवर एकत्र चालणारा कोड लिहायला शिकलेल्या माणसाला बाहेर काम मिळतं, हेही खरं.

मामांना वेगळीच काळजी होती : "लग्नाचं काय?" मामी म्हणाल्या, "आधी तिला जेस्टचा फॉर्म तरी भरू द्या."

फॉर्म भरला आहे.