वर्गणीची चढाओढ

वर्गणी हा शब्द आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत कोणास नवा नाहीं. नामसप्ताह असो, गणेशोत्सव असो, वा शाळेची एखादी खोली बांधावयाची असो, चार मंडळी पावतीपुस्तक घेऊन दारीं येतात आणि आपण यथाशक्ति कांहीं देतों. परंतु ज्या रोगाचें नांव घेतांना घरांतील माणसें आवाज खालीं आणतात, त्या रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठीं वर्गणी, आणि तीही चढाओढीनें, ही गोष्ट आपल्याकडे अजून रुळलेली नाहीं. तिची रीत काय, तींत गुण कोणता आणि धोका कोणता, हें आज सांगण्याचा विचार आहे.

प्रथम रोगाविषयीं थोडेंसें. हाडांच्या पोकळींत जो मऊ गर असतो, त्यास अस्थिमज्जा म्हणतात. रक्तांतील पेशी तेथें तयार होतात. कधीं त्यांतील एखादी पेशी आपलें ताळतंत्र सोडते आणि अर्धवट वाढलेल्या, निकामी पेशींची भर घालीत सुटते. तणानें शेत व्यापावें, तशी मग निरोगी पेशींना जागा उरत नाहीं. अशक्तपणा, वारंवार येणारा ताप, रक्तस्राव हीं त्याचीं लक्षणें. हा रोग सर्व रक्तांत पसरलेला असल्यामुळें गाठीसारखा कापून काढतां येत नाहीं. त्यावर औषधच शोधावें लागतें. १९४८ सालीं बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनीं मुलांमधील हा रोग औषधानें कांहीं काळ तरी मागें हटतो, असें दाखविलें. तें औषध ज्या मंडळींनीं सिद्ध केलें, त्यांचे प्रमुख भारतीय शास्त्रज्ञ डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. आज संपन्न देशांत या रोगाचा नेहमींचा प्रकार झालेल्या दहा मुलांपैकीं सुमारें नऊ मुलें बरीं होतात. हा पालट संशोधनानें घडविला, आणि संशोधनास पैसा लागतो.

तो कोठून येतो? सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं याच रोगानें निवर्तल्या. दोराबजींनीं १९३२ सालीं त्यांच्या स्मरणार्थ एक न्यास स्थापिला आणि त्याच्या उत्पन्नाच्या पांच हिश्श्यांपैकीं चार हिस्से जगांत कोठेंही चालणाऱ्या या रोगाच्या संशोधनास लावून दिले. पण दोराबजींची थैली सर्वांपाशीं कोठून असणार? सामान्यांनीं निराळा मार्ग काढला. अमेरिकेंत ब्रूस क्लेलंड नांवाच्या गृहस्थांची कन्या या रोगांतून वांचली होती. १९८८ सालीं त्यांनीं ३८ जणांची एक तुकडी जमविली आणि ती न्यूयॉर्कच्या मॅरेथॉन शर्यतींत उतरविली. प्रत्येकानें आपल्या ओळखीच्यांना सांगितलें, 'मी सव्वीस मैल धांवतों, तुम्ही संशोधनास पैसे द्या.' अशा रीतीनें ३,२२,००० डॉलर जमले. त्याच देशांत पुढें दुसरी एक स्पर्धा रूढ झाली. तींत उमेदवार दहा आठवडे वर्गणी गोळा करतात, आणि प्रत्येक डॉलर हें त्यांना पडलेलें एक मत समजतात. आपल्या मुंबईंतही २००४ सालापासून मोठी मॅरेथॉन भरते. तींत कर्करुग्णांसाठीं झटणाऱ्या संस्थांकरितांही लोक धांवतात आणि देणग्या मिळवितात.

चढाओढीनें माणूस कसा उठून कामास लागतो, हें आपल्या जिल्ह्यानें पाहिलें आहे. २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेंत मोताळा तालुक्यांतील सिंदखेड गांवानें कुदळ-फावडें हातीं घेऊन दुसरा क्रमांक विभागून मिळविला. परंतु तेथें मोजला गेला तो मुख्यतः घाम. जेथें केवळ रुपयाच मोजला जातो, तेथें काय होतें, तें मीं स्वतः पाहिलें आहे.

मी शिकवीत होतों त्या एका शाळेंत एका विद्यार्थ्यास हा रोग झाला. त्याच्या उपचारासाठीं आम्ही वर्गावर्गांत वर्गणीची चढाओढ लाविली. फळ्यावर रोज प्रत्येक वर्गाचा आंकडा मी लिहीत असें. तिसऱ्या दिवसापासून एका शेतमजुराचा मुलगा शाळेंत येईना. चौकशीस घरीं गेलों, तेव्हां आई म्हणाली, "गुरुजी, त्याच्यापायीं वर्ग मागं पडला म्हणून पोरं त्याला बोलतात." फळ्यावरील आंकडे माझ्याच अक्षरांतले होते. दुसऱ्या दिवशीं मीं ते पुसले आणि कोणत्या वर्गांतील किती मुलांनीं कांहीं ना कांहीं दिलें, एवढेंच लिहूं लागलों. तो मुलगा आला. त्यानें एक रुपया दिला आणि त्याचा वर्ग पूर्ण झाला.

आजारी मुलगा मात्र वांचला नाहीं. त्या वेळीं उपलब्ध असलेले उपाय त्याच्यापुरते संपले होते. आपण उपचारास दिलेला पैसा डोळ्यांसमोरच्या मुलासाठीं असतो. संशोधनास दिलेला पैसा आपण कधीं न पाहिलेल्या मुलासाठीं असतो. दोन्ही हवेत, पण देणाऱ्यास कोणता कशासाठीं हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

संशोधनाचें फळ उशिरा येतें, पण येतें. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनीं रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांत पालट करून, रोगाशीं झुंजण्यासाठीं त्या परत देण्याची पद्धत सिद्ध केली. 'नेक्सकार१९' हें तिचें नांव. तिला ऑक्टोबर २०२३ मध्यें मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपतींच्या हस्तें तिचें लोकार्पण झालें. परदेशांतील खर्चाच्या सुमारें दशांशांत ती होते. तरीही तो खर्च गरिबाच्या आवांक्याबाहेरचाच आहे. म्हणजे काम संपलेलें नाहीं.

तेव्हां आपल्या गांवीं, शाळेंत अथवा मंडळांत अशी चढाओढ कोणी लावील, तर तीन गोष्टी सांभाळाव्या. रुपयांपेक्षां देणारीं माणसें मोजावीं. पैसा संशोधनास कीं उपचारास, हें पावतीवरच छापावें. आणि जमाखर्च चावडीवर सर्वांस दिसेल असा लावावा. एवढें केलें, तर ज्याच्या खिशांत एकच रुपया आहे, तोही मान खालीं न घालतां रांगेंत उभा राहील.