छायेवरून ताऱ्याचा माग

दूरदर्शक म्हटला की त्यात आरसा किंवा भिंग असणारच, हे आपण गृहीत धरून चालतो. परंतु भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या अंतराळस्थ वेधशाळेवर असे एक उपकरण आहे की ज्यात ना आरसा, ना भिंग, आणि तरीही त्याने विश्वातील अत्यंत प्रखर घटनांची जी साक्ष नोंदवून ठेवली आहे, ती पाहता भारतीय विज्ञानाच्या दप्तरात त्याचे पान अग्रभागी असावे, अशी माझी अनेक वर्षांची धारणा आहे. ‘कॅडमियम-झिंक-टेल्युराइड इमेजर’ हे त्याचे पूर्ण नाव असून अभ्यासकांत ते ‘सीझेडटीआय’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते.

ॲस्ट्रोसॅटचा सर्वसाधारण तपशील थोडक्यात सांगून मोकळा होतो. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही अग्निबाणाने हा सुमारे 1,515 किलो वजनाचा उपग्रह 650 किलोमीटर उंचीवरील, विषुववृत्ताशी अवघ्या 6 अंशांनी कललेल्या कक्षेत नेऊन ठेवला. नियोजित आयुष्य 5 वर्षांचे. त्यावर अतिनील किरणांची जोड-दुर्बीण आहे, मृदू क्ष-किरणांचा दूरदर्शक आहे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेले मोठे क्ष-किरण-गणक आहेत, आकाशावर पहारा ठेवणारे एक उपकरण आहे. आणि प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हावा एवढे काम प्रत्येकाने केलेले आहे.

आता आरसा का नाही, याचा उलगडा. क्ष-किरण साध्या आरशावर आपटून परतत नाहीत. ते त्यात घुसतात. ऊर्जा कमी असेल तर सुवर्णलेपित पृष्ठभागावरून अगदी तिरक्या कोनात त्यांना घसरवत केंद्रापर्यंत आणता येते. परंतु ऊर्जा जसजशी चढत जाते तसतशी ही युक्ती अधिकाधिक दुष्कर होत जाते, आणि सीझेडटीआयचा मुलूख तर 20 ते 100 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. मग तजवीज केली ती अशी : टँटलम या जड धातूच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला, सुमारे निम्मा भाग उघडा राहील अशा रीतीने, गणिताने ठरवलेल्या नक्षीप्रमाणे चौकोनी छिद्रे पाडायची आणि तो पत्रा शोधकाच्या वर सुमारे अर्ध्या मीटरवर बसवायचा. तारा समोर असेल तर नक्षीची छाया शोधकावर सरळ पडते, बाजूला असेल तर सरकून पडते. आणि नक्षी अशी निवडलेली असते की कोणत्याही दोन दिशांच्या छाया परस्परांशी जुळू नयेत. छाया किती सरकली याची गणिताने रुजवात घातली की तारा कोठे आहे ते कळते.

पुण्याच्या आयुका या संस्थेत राष्ट्रीय विज्ञानदिनी सर्वसामान्यांना मुक्तद्वार असते, आणि चार्ल्स कोरियांनी रचलेल्या त्या वास्तूच्या चौकात न्यूटन, गॅलिलिओ, आईनस्टाईन व आर्यभट यांच्या पुतळ्यांपाशी घटकाभर रेंगाळल्यावाचून मला पुढे जाववत नाही. अशाच एका भेटीत एका संशोधक विद्यार्थिनीने छिद्रे पाडलेला पुठ्ठा विजेरीसमोर धरून ही छायाविद्या मला टेबलावर दाखवली, आणि मग दुसरी विजेरी पेटवून दोन छाया एकमेकींत मिसळल्यावर ती शांतपणे म्हणाली, “काका, आता या दोन वेगळ्या करा बघू.” डोळ्यांना जे अशक्य वाटते ते गणित किती सहज करते, हे त्या पुठ्ठ्यावरून जसे उमगले तसे पुस्तकांतून कधी उमगले नव्हते. या उपकरणाचे संचालनकेंद्र आयुकातच असल्यामुळे त्या ठिकाणाविषयी मला विशेष जिव्हाळा आहे.

छाया झेलणारा शोधकही पाहण्याजोगा आहे. 5 मिलिमीटर जाडीच्या 64 स्फटिक-फरशा, प्रत्येकीचे 256 घरांत विभाजन, म्हणजे एकंदर 16,384 घरे. आणि कोणत्या घरात, कोणत्या क्षणी, किती ऊर्जेचा फोटॉन आला याची प्रत्येक घराची स्वतंत्र नोंद. या काटेकोर हिशेबातूनच पुढील सारे वैभव उगवले आहे. कारण 100 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर टँटलमचा पत्रा आणि भोवतालच्या भिंती किरणांना उत्तरोत्तर पारदर्शक होऊ लागतात. प्रतिमा घेणाऱ्याच्या दृष्टीने ही गळती. परंतु तिच्यामुळेच आकाशाच्या फार मोठ्या भागातून येणारा तीव्र स्फोट या उपकरणाला जाणवू शकतो. 6 ऑक्टोबर 2015 रोजी ते सुरू झाले आणि त्याच दिवशी, रोखलेल्या दिशेपासून सुमारे 60 अंश दूर झालेला एक गॅमा-किरण स्फोट त्याने टिपला! तेव्हापासून अशा स्फोटांची संख्या 500 च्या पुढे गेली आहे.

या उच्च ऊर्जेच्या प्रदेशात आणखी एक विद्या साध्य होते, आणि मला सर्वाधिक मोह तिचाच. फोटॉन एका घरात इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतो आणि शेजारच्या घरात शोषला जातो. किरण ध्रुवीकृत, म्हणजे एकाच ठरावीक दिशेत कंप पावणारे, असतील तर हे विखुरणे ध्रुवीकरणाच्या दिशेला काटकोनात अधिक प्रमाणात होते. म्हणजे शेजारी-शेजारी उमटलेल्या नोंदींच्या जोड्या कोणत्या बाजूला अधिक पडल्या एवढे मोजले, की हजारो प्रकाशवर्षांवरील चुंबकीय क्षेत्राच्या रचनेचा सुगावा लागतो. उड्डाणापूर्वीच प्रयोगशाळेत ध्रुवीकृत किरण टाकून या क्षमतेची खातरजमा करून घेतली होती, ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

ही विद्या पणाला लागली ती क्रॅब तेजोमेघावर. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला, रात्री दहानंतर पूर्वेकडे पाहिले तर कृत्तिका आणि रोहिणी यांच्या खाली वृषभाच्या शिंगाचे टोक दिसते. त्याच्या लगत, साध्या डोळ्यांना न दिसणारा हा मेघ आहे. 1054 साली चिनी निरीक्षकांनी ज्या ‘अतिथी ताऱ्या’ची नोंद केली त्याचे हे अवशेष, आणि त्याच्या पोटात सेकंदाला सुमारे 30 गिरक्या घेणारा स्पंदक, म्हणजे प्रत्येक गिरकीत किरणांचे ठोके देणारा मृत तारा. सीझेडटीआयने 18 महिन्यांच्या कालावधीत त्याचे पुनःपुन्हा वेध घेतले, आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संतोष वडवले व त्यांचे सहकारी यांनी 2017 साली ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त निष्कर्ष मांडला की स्पंदकाच्या प्रत्येक गिरकीत ध्रुवीकरण बदलते, एवढेच नव्हे तर ते सर्वांत झपाट्याने बदलते ते दोन स्पंदांमधल्या, म्हणजे स्पंदकाकडून काही येतच नसावे असे ज्या काळाविषयी मानले जात होते, त्या काळात. प्रचलित उपपत्तींपैकी कोणतीही या वर्तनाची सरळ संगती लावू शकली नाही. माझ्या मते ॲस्ट्रोसॅटच्या साऱ्या कमाईत याहून मोठे काही नाही.

आणखी एक प्रकरण सांगितल्यावाचून राहवत नाही. 4 जानेवारी 2017 रोजी ‘लायगो’ या गुरुत्वतरंग-वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या मीलनाचे गुरुत्वतरंग पकडले, आणि त्याच दिशेला एक मावळता प्रकाशबिंदू सापडल्याने तो त्या मीलनाचाच असेल काय, असा संशय उपस्थित झाला. तसे असते तर ती अपूर्व घटना ठरली असती. खगोलशास्त्रज्ञ वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीझेडटीआयची नोंदवही तपासली. मीलनाच्या क्षणी तीत काही नव्हते. मात्र दुसऱ्या दिवशी, 5 जानेवारीला, एक गॅमा-किरण स्फोट झालेला होता, आणि प्रकाशबिंदू मावळण्याची गती मागे नेऊन पाहता ती याच क्षणाशी जुळत होती. दोन असंबद्ध घटना आकाशात शेजारी-शेजारी घडल्या होत्या, असा निवाडा झाला. नव्या शोधाची घोषणा करण्याइतकेच असे निवाडे करणेही विज्ञानात मानाचे आहे. दुर्दैवाने वृत्तपत्रांत त्याला जागा मिळत नाही.

हेच भालेराव आता आयआयटी मुंबईतून ‘दक्ष’ या योजनेचा पाठपुरावा करीत आहेत : एकाऐवजी दोन उपग्रह, पृथ्वीच्या दोन बाजूंना, त्याच जातीचे स्फटिक चोहोबाजूंना लावलेले, जेणेकरून आकाशाचा कोणताही भाग नजरेआड राहू नये. ॲस्ट्रोसॅटला आता 10 वर्षे उलटून गेली आहेत, नियोजित आयुष्याच्या दुप्पट. तेव्हा या योजनेला सरकारदरबारी विनाविलंब मंजुरी मिळावी, आणि सीझेडटीआयचे फोटॉन मोजत ज्यांची विद्यार्थिदशा गेली त्या तरुणांच्याच हाती ती सोपवली जावी, एवढीच माझी मनापासूनची इच्छा आहे.